रविवारची खडखड

खाली दुकान, वर घर आणि दोघे सख्खे भाऊ शिंपी. थोरला रविवारी सुईत दोरासुद्धा ओवत नसे. तो दिवस प्रभूचा. धाकटा म्हणे, सगळेच दिवस प्रभूचे, मग माझ्या मशीननं कुणाचं काय घोडं मारलंय? यावरून कैक वर्षं वाद झाले, पण कोणी तसूभरही हललं नाही.

त्या रविवारी चर्चहून येऊन धाकटा एका नवरदेवाचा कोट शिवायला बसला. वर दादा प्रार्थनेला बसला असेल, हे मनात आलं आणि पायडलवरचा पाय आपोआप थांबला. आपलं चुकत नाही, पण त्याला टोचतं ना! तो मुकाट्यानं हातानंच टाके घालू लागला.

जरा वेळानं थोरला तेलाची कुपी घेऊन जिना उतरला.

"मशीन अडलं का रे? दर शनिवारी तर मी तेल घालून ठेवतो. घे, तूच घाल. आज मी हात लावणार नाही."

"अडलं नाही, दादा. तुझ्या प्रार्थनेसाठी थांबवलं."

"मग चालव बाबा," थोरला वैतागला. "तुझी खडखड थांबली, तेव्हापासून माझं प्रार्थनेत चित्तच लागेना."