राखलेली जागा

लुड्मिलाने खुर्ची बर्फात नीट रोवली, दोन पावलं मागे येऊन पाहिली आणि पुन्हा जराशी डावीकडे सरकवली. सकाळभर फावडं मारून तिने घरासमोर एका गाडीपुरती जागा मोकळी केली होती. कंबर बोलत होती.

"मांडलीस?" समोरच्या पायरीवरून रीटाने विचारलं. "मांड मांड. तुझ्या नव्या बाई येतील आणि घेऊन जातील."

"माझ्या कशाला?"

"मग मत कोणी दिलं? मी तर नाही बाई दिलं."

लुड्मिलाने फावडं उचलून भिंतीला टेकवलं. मत तिने दिलं होतं. जुना महापौर ह्याच टेकडीवरचा. त्याची आई चर्चच्या तळघरात लुड्मिलाच्या शेजारी बसून पिरोहीच्या, बटाटा भरलेल्या करंज्यांच्या, कडा दुमडायची. पण त्याच्या राजवटीत बर्फ काढायची गाडी टेकडीवर कधी वेळेवर चढली नाही. नव्या महापौर बाई नदीपलीकडच्या, तरुण, स्वच्छ बोलणाऱ्या. रस्ते मोकळे करीन, म्हणाल्या. लुड्मिलाला ते पटलं होतं.

आता तळघरात पिरोही करताना दुसरा विषय नसे. कोणी म्हणे, प्रचाराला आल्या तेव्हा बाईंनी बटाट्याचं सारण हाताने न चाखता काट्याने चाखलं, त्यावरूनच माणूस कळतो. कोणी म्हणे, बाई आहे म्हणून तुम्ही बोलता. रीटा म्हणे, "आपला होता तो चोर असेल, पण आपला होता." म्हाताऱ्या हसत आणि पुढची पोळी लाटायला घेत. पोलादाचे कारखाने बंद पडले तेव्हाही त्या अशाच लाटत बसल्या होत्या.

लुड्मिलाने कितीतरी महापौर पाहिले होते. तिच्या लग्नाच्या वर्षी एक होता, त्याच्या तोंडातला चिरूट फोटोतसुद्धा विझलेला नसे. एक खुर्चीवरच वारला. एक रोज टेकडी पायी चढून यायचा आणि निवडून आल्यावर पुन्हा दिसला नाही. पण ह्यातल्या एकानेही रस्त्यावरच्या खुर्चीला हात लावला नव्हता. ज्याने बर्फ उपसला, जागा त्याची. घरातली एखादी जुनी खुर्ची तिथे ठेवायची, की बर्फ वितळेपर्यंत कोणी गाडी लावत नसे. म्हातारा नोव्हाक ऐन हिवाळ्यात गेला, तर त्याची खुर्ची वसंतापर्यंत तशीच उभी होती. तिच्या जागेवर कोणी चाक टेकवलं नाही.

ही पिवळ्या बैठकीची खुर्ची तिच्या नवऱ्याची, एमिलची होती, लग्नात स्वयंपाकघराच्या टेबलाबरोबर घेतलेली. साखरेपायी त्याचा पाय गेला आणि तो चाकांच्या खुर्चीत आला, तेव्हापासून ती रिकामीच होती. डायलिसिसहून त्याला घरी सोडणाऱ्या गाडीची उतरती फळी टेकवायला दारासमोरचीच जागा लागे. पदपथाची कड फक्त तिथेच बसकी होती. "मी घरी बसलो," एमिल म्हणायचा, "पण माझी खुर्ची अजून कामावर जाते."

खुर्ची मांडली त्याच्या आदल्या रात्री टीव्हीवर नव्या बाईंनी सांगितलं होतं की रस्ता सगळ्यांचा आहे, रस्त्यावरचं सामान उचललं जाईल. घरात येताच लुड्मिलाने महापालिकेला फोन लावला.

"आमच्याकडे खुर्चीचा कायदा आहे. बाईंना ठाऊक नसेल, त्या पलीकडच्या आहेत. तेवढं त्यांच्या कानावर घाला."

"कुठला कायदा, मॅडम?" फोनवरची मुलगी म्हणाली.

लुड्मिलाने समजावून सांगितलं. मुलीने मध्येच तोडलं नाही.

"मॅडम, असा कायदा कधीच नव्हता. आधीचे लोक उचलायला सांगत नव्हते, एवढंच."

लुड्मिलाने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. आयुष्यभर ती ज्याला कायदा समजून चालली, ती नुसती डोळेझाक होती.

"माझ्या नवऱ्याला एक पाय नाही हो."

"मग राखीव जागेसाठी अर्ज करा ना. उन्हाळ्यापर्यंत काम होईल."

"उन्हाळ्यात बर्फ नसतो, बाळा."

"कळतंय मला. माझी आजीपण टेकडीवरचीच होती." मुलीचा आवाज इतका मऊ होता की रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला. एमिल डायलिसिसला गेला होता. ट्रकात खुर्च्यांचा ढीग होता, एक इस्त्रीचं टेबल होतं, लहान मुलाला भरवायची उंच खुर्चीही होती. रीटाची प्लास्टिकची आधीच आत गेली होती.

"ती राहू द्या," लुड्मिला म्हणाली. "त्यांची गाडी यायची आहे."

ट्रकवरच्या माणसाने टोपी मागे सारली. "आजी, माझ्या हातात काय आहे? सकाळी माझ्या बायकोचीपण उचलली. मीच." आणि त्याने पिवळी खुर्ची हलक्या हाताने ढिगावर ठेवली. फेकली नाही.

मागोमाग बर्फ काढणारी गाडी चढली. खरं सांगायचं तर रस्ता इतका लख्ख लुड्मिलाने कधी पाहिला नव्हता. त्या लख्ख रस्त्यावरून एक अनोळखी मोटार आली आणि दारासमोर थांबली.

"इथे लावू नका," लुड्मिला पायरी उतरत म्हणाली. "इथे खुर्ची होती."

"कुठाय?" चालकाने इकडेतिकडे पाहिलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. तो गाडी लावून निघून गेला.

एमिलची गाडी आली ती खाली वळणावर थांबली. डेस्मंड ड्रायव्हरने त्याला चिखलबर्फातून वर ढकलत आणलं. चाक दोनदा रुतलं. दुसऱ्या वेळी एमिल कलंडला. डेस्मंडने सावरलं म्हणून बरं, तरी अंगावरची शाल चिखलात पडली.

"मिस मिला," डेस्मंड धापा टाकत म्हणाला, "दर वेळी असं जमायचं नाही. ऑफिस म्हणेल, त्यांना कुठल्यातरी वृद्धांच्या होममध्ये ठेवा."

"आज माझी खुर्ची कामावर नाही वाटतं," एमिल म्हणाला.

"नाही. तिला पेन्शनीत काढलं."

एमिल हसला. दाराशी पोचल्यावर त्याने मान वळवली. मग म्हणाला, "मग ती घरी का नाही आली, मिला?"

लुड्मिला शाल झटकत राहिली.

पुढच्या डायलिसिसच्या दिवशी पुन्हा बर्फ पडला. तिने पुन्हा जागा उपसली. एमिलची यायची वेळ होत आली, तसा तिने त्याचा कारखान्यातला जाड कोट चढवला, गुडघ्याखाली पोचणारा, आणि ती त्या उपसलेल्या जागेत, खुर्ची असायची तिथे जाऊन उभी राहिली. समोर रीटाने दार किलकिलं केलं. ह्या खेपेला तिने काही टोमणा मारला नाही.

एक मोटार वेग कमी करत आली. लुड्मिलाने हात खिशात घातले, घराच्या दाराचा अंदाज घेतला आणि ती जराशी डावीकडे सरकली.