कपाळावरून कानामागे

उलटा हात कपाळाला टेकला, पण तिथून सरळ खाली आला नाही. तो कानामागे गेला, एक सुटलेली बट मागे सारली आणि मग मांडीवर येऊन पडला. जणू केसांसाठीच वर गेला होता.

चर्चच्या सभागृहात कुणी खोकलंही नाही. रंगमंचावर एक खाट, आणि खाटेच्या कडेला बसलेली येशूच्या शिष्याची, पेत्राची सासू. बायबलात तिला नाव नाही. जावयाच्या घरी तापाने फणफणली होती, येशूने हात धरला, ताप उतरला आणि ती उठून पाहुण्यांच्या सेवेला लागली. एवढंच काय ते तिच्याबद्दल लिहिलेलं. त्या एवढ्याशावर नाचाच्या बाईंनी तासाभराचा प्रयोग उभा केला होता. गोष्ट त्याच सांगत, नाचतही त्याच. दिवसा शाळेत मुलांना नाच शिकवायचा आणि संध्याकाळी घरच्या बाहेरच्या खोलीत वादकांना जमवून तालीम करायची, असं वर्षभर चाललं होतं.

तिसऱ्या रांगेत त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. तालमी त्यांच्याच घरात झाल्या, पण तालमीच्या वेळी त्या स्वयंपाकघरात असत. प्रयोग आज पहिल्यांदाच पाहत होत्या.

हात कानामागे गेला तेव्हा बाईंची नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. सासूबाईंनी मान खाली घातली होती.

ताल चुकला नाही. पण तो हात बाईंचा नव्हताच. हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी वादक जमले होते आणि सासूबाई आतल्या खोलीत तापाने पडल्या होत्या. चहा टाकते म्हणत त्या उठल्या, कपाळ चाचपलं, आणि सून दारात उभी आहे हे दिसताच तोच हात केसांवरून फिरवला. पडून राहा, असं म्हणायला हवं होतं. सून मात्र दारातच उभी राहून मनगट कुठे वळतं, बोटं कुठे थांबतात ते टिपत राहिली. चहा सगळ्यांनी प्यायला. चांगला झाला होता.

प्रयोग संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईने उठून विचारलं, तो हात कसा सुचला? तिच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं, असं उत्तर बाईंनी दिलं. टाळ्या पडल्या. सासूबाईंनीही वाजवल्या.

रंगपटात बाई चेहरा पुसत बसल्या. आरशात बघवत नव्हतं. सासूबाई पाण्याची बाटली घेऊन आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

"मी उठताना इतकी वाकते का गं?"

बाईंच्या हातातला कापूस तसाच राहिला. "आई, मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर मी कसली करून दाखवते! लाजूनच मेले असते." त्या जराशा हसल्या. मग म्हणाल्या, "छान झालं. फक्त एक राहिलं बघ. सगळ्यांना वाढलंस, भांडी आवरलीस, दिवा मालवलास. ती बाई जेवली कधी?"

वर्षभर बाई सगळ्यांना सांगत होत्या की पेत्राच्या सासूकडे कुणी पाहिलंच नाही. आणि त्यांनीही तिला उठवलं होतं, वाढायला लावलं होतं. बसवलं मात्र नव्हतं.

सासूबाईंची धाकटी बहीण गेल्या वर्षापासून एकटी होती. तिच्याकडे जाऊन राहायचं सासूबाईंच्या मनात होतं. दोघी म्हाताऱ्या एकमेकींची गाऱ्हाणी ऐकू, तेवढीच तुमच्या कानांना विश्रांती, असं त्या म्हणत. बाईंनी आधी प्रयोग उभा राहू दे म्हटलं, मग मुलाची परीक्षा होऊ दे म्हटलं. सासूबाई बॅग भरत आणि त्यातले कपडे एकेक करून पुन्हा कपाटात लावत. ते बाईंना दिसत असे.

दार ढकलून नवरा आत आला, मागोमाग सभागृहाचे व्यवस्थापक. बाहेरगावच्या मंडळींनी प्रयोग मागितला होता, दोन महिन्यांचा दौरा. व्यवस्थापकांना आत्ताच होकार हवा होता. मुलाचं आणि घराचं कसं करणार, असं त्यांनी काळजीने विचारलं.

"त्याची काळजी नको," नवरा म्हणाला. "आई आहे ना."

हे वाक्य घरात सगळेच म्हणत. सगळ्यांत जास्त बाई.

सासूबाईंनी मान डोलावली. मग त्यांचा हात वर गेला आणि कानामागून फिरून खाली आला. तिथे सुटलेली बट नव्हती.

रंगपटात एकच खुर्ची होती. बाई उठल्या, खुर्चीवरचा टॉवेल काढला आणि सासूबाईंच्या खांद्याला धरून त्यांना तिथे बसवलं. अर्धा रंग अजून चेहऱ्यावरच होता.

"आई नाहीयेत," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "या रविवारी त्या मावशींकडे राहायला चालल्या आहेत. वर्षभर मीच अडवून ठेवलं होतं. घर तुला सांभाळता येत असेल तर मी दौऱ्यावर जाईन, नाहीतर दौरा नाही."