फोटो सरांचा, धडे धाकटीचे

मोठे दीर घरातही ‘सर’च होते. त्यांची मुलं बाबा म्हणायच्या आधी सर म्हणायला शिकली, असं त्यांचा धाकटा भाऊ चेष्टेनं म्हणायचा. इंग्रजीचा क्लास सरांचा, क्लासच्या ब्लॉगवरचं नाव सरांचं, हसरा फोटोही सरांचाच. ब्लॉग मात्र पहिल्या अक्षरापासून धाकट्या भावाच्या बायकोचा. तिला सगळे धाकटी म्हणत.

लग्न होऊन आली तेव्हा नव्या नवलाईत तिनंच तो हौसेनं उभा केला. आणि वर शहाणपण बघा, मोठ्यांचा मान म्हणून मालकीचे सगळे हक्क सरांच्या नावावर केले. स्वतःकडे ठेवला नुसता मसुदा लिहिण्याचा हक्क. धडा तिनं लिहायचा, ‘प्रकाशित करा’चं बटण सरांनी दाबायचं. कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता बाईनं.

चार वर्षांत एकशे अठरा धडे झाले. जेवणाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून लिहिलेले. ताटं आली की लॅपटॉप उचलून पलंगावर. वाचणारे कोण, तर शिवणकाम करणाऱ्या, ड्रायव्हर, दवाखान्यातल्या आया. म्हणून तिनं अक्षरं मोठी ठेवली, दर वाक्याशेजारी आवाजाचं बटण दिलं, दोन मिनिटांच्या वर धडा जाऊ दिला नाही. एका आयाबाईनं लिहिलं होतं, “सर, आज मी डॉक्टरांना इंग्रजीत उत्तर दिलं.” सरांनी ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. धाकटी पोळ्या वाढत राहिली.

आज सकाळी तिनं अर्ज केलेल्या एका कंपनीतून फोन आला. असेच धडे तयार करायला त्यांना माणूस हवं होतं. तिथे ऑफिस होतं, आणि ताटं आली तरी उठावं लागणार नाही असं स्वतःचं टेबल.

“काम छान आहे हो,” तिथल्या मॅडम म्हणाल्या, “पण नाव सरांचं दिसतंय.”

“सगळं मीच केलंय. मसुदे दाखवू का?”

“मसुदे काय, टाइप करणाऱ्याकडेही असतात. पाचपर्यंत ब्लॉगवर तुमचं नाव दिसू दे, मग बोलू. आजच निवड करायची आहे.”

तिनं मसुद्यात पानाच्या तळाशी एकच ओळ लिहिली, ‘धड्यांचं लेखन आणि मांडणी’, आणि पुढे आपलं नाव. मग नवऱ्याला फोन केला.

“दादा नाही म्हणणार नाही गं,” तो म्हणाला. “फक्त नोकरीचं आत्ताच काढू नकोस. उगाच घरात वादळ नको.”

म्हणजे नाव मागायचं, पण का ते सांगायचं नाही. वा रे वा!

सर क्लासमधून साडेचारला आले. तिनं चहा ठेवला, आणि कपाबरोबर बोलणंही पुढे केलं.

“एवढंच ना?” सर खळखळून हसले. “अगं वेडे, चार वर्षांत तोंड उघडून मागायचंस की! आण इकडे.”

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ काहीतरी टाइप करत राहिले. तिची नजर घड्याळावर. पाचला दहा कमी असताना त्यांनी बटण दाबलं आणि फोन कौतुकानं तिच्यापुढे धरला.

‘टायपिंग साहाय्य : आमच्या घरची धाकटी.’ शेजारी गुलाबाचं फूल.

“लेखन-बिखन लिहिलं असतं ना, तर क्लासमधल्या मुलांच्या पालकांनी विचारलं असतं, सर शिकवतात की कोण? क्लासच बसला असता. पण तुझं कौतुक व्हायलाच हवं!”

“सर, जरा बदलता का? माझं नाव…”

“आता लोकांनी वाचलंसुद्धा! बघ, अभिनंदन करताहेत.”

खरंच करत होते. आयाबाईनं लिहिलं होतं, “टायपिंगवाल्या ताईंनाही धन्यवाद.”

पाच वाजून दोन मिनिटांनी धाकटीच्या फोनवर मॅडमचा निरोप आला. टायपिस्टची जागा आमच्याकडे नाही, शुभेच्छा.

तिनं कप विसळले. टेबल पुसलं. लॅपटॉप उघडून बसली. तिला रडायचं होतं, पण इथे ताटं यायला दोनच तास होते आणि धडा बाकी होता.

“उद्या कुठला धडा गं?” सरांनी आतून विचारलं.

“स्वतःची ओळख करून देणं.”

“सोपा आहे,” सर म्हणाले. “लवकर पाठव.”