सत्कार परत

प्रतिक्षाचा सत्कार झाला तेव्हा तिनं अजून कुठंच ॲडमिशन घेतलेलं नव्हतं. ही बारीक गोष्ट निरवांगीत कुणाच्या ध्यानात आली नाही. पुण्यातल्या जुन्या, नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागलाय, एवढं एसटीडी बूथवरून गावात पसरलं आणि दूध सोसायटीचे चेअरमन हिंदुराव तात्यांनी दुसऱ्याच दिवशी देवळापुढं मांडव घातला. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. तिला इन्स्ट्रुमेंटेशन ही शाखा मिळाली होती. तात्यांना तो शब्द भाषणात दोनदा आडवा गेला, मग ते "प्रचंड इंजिनिअरिंग" म्हणून पुढं सरकले.

आठवड्याभरानं सोलापूरच्या एका साध्या कॉलेजातही तिचं नाव लागलं. तिथं भूगर्भशास्त्र होतं. प्रतिक्षाला तेच शिकायचं होतं.

हे खूळ तिच्या डोक्यात घातलं आप्पांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी. पण त्यांना ते मान्य नव्हतं. आप्पांच्या बापाची मेंढरं होती. मेंढरं गेली, ऊस आला, उसाला पाणी लागायला लागलं आणि आप्पा पाणाडी झाले. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानात चालायचं. नारळ उभा राहिला की तिथं विहीर खणायची. प्रतिक्षा लहानपणापासून त्यांच्यामागं हिंडली होती. नारळ दर वेळी उभा राहायचा. पाणी मात्र दर वेळी लागायचं नाही.

"आप्पा, हितं खाली काय हाय?"

"पाणी."

"आन् त्याच्या खाली?"

"आणखी पाणी."

खणलेल्या विहिरीत डोकावलं की तिला वेगळंच दिसायचं. मुरूम, त्याखाली काळा दगड, मध्येच लालसर माती, पुन्हा दगड. हे असं कुणी रचलं आणि कधी, हे विचारायला गावात माणूस नव्हता. सोलापूरला असावा, असा तिचा अंदाज होता.

"एका घरात दोन पाणाडी नसावंत," आप्पा म्हणाले. "गिऱ्हाईक फुटतं."

खरी अडचण आप्पांची नव्हती. दादासो, म्हणजे प्रतिक्षाचे वडील, आण्णा, बारामती एमआयडीसीत दूध पावडरीच्या कारखान्यात होते. पुण्याची बातमी आल्यावर त्यांनी गेटपासून बॉयलरपर्यंत पेढे वाटले होते. सुपरवायझर आता त्यांना 'ए दादासो' न म्हणता 'दादासाहेब' म्हणायला लागला होता. नाव तेच, फक्त पुरं. एवढ्यासाठी त्यांना वीस वर्षं थांबावं लागलं होतं.

त्यामुळं सोलापूरचं ऐकल्यावर आण्णा बादली भरायला उठले. राग आला की ते आपली राजदूत मोटारसायकल धुवायचे. त्या आठवड्यात राजदूत रोज धुतली गेली. टाकीवरचा रंग जायला लागला. आई दोन्ही बाजूंना चहा देत राहिली. सोलापूरला फी भरायची मुदत शनिवारपर्यंत होती, आणि आण्णा सोबत आल्याशिवाय, त्यांनी सही केल्याशिवाय तिथं काही होणार नव्हतं.

शेवटी आज्जी, साखरबाई, प्रतिक्षाला घेऊन तात्यांकडं गेली.

"तात्या, मी पुण्याला जात न्हाय," प्रतिक्षा म्हणाली.

"आगं पर सत्कार झालाय."

"ॲडमिशन कुठं झालंय?"

"सत्काराला ॲडमिशन लागतंय व्हय? माझं तीन सत्कार झालं. मी काय केलंय?"

तात्यांनी खुर्ची पुढं ओढली.

"सोसायटीचं इलेक्शन तोंडावर हाय," तात्या म्हणाले. "उद्या कोण बी म्हणंल, हिंदुरावानं उगंच सत्कार केला. तुझा बाप तर मला तोंड दाखवायचा न्हाय. सत्कार झाला म्हंजी पुण्याला जायाचं. इषय मिटला."

"तात्या," साखरबाई म्हणाली, "ठरल्यालं लगीन मोडलं तर काय करतासा? लुगडं-नारळ माघारी जातोच का न्हाय? मग ह्ये बी घ्या की माघारी."

तात्या विचारात पडले. "सगळ्यांम्होरं?"

"सगळ्यांम्होरं."

"माईक लावून?"

"तर वं."

तात्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. काही झालं तरी तो एक कार्यक्रम होता.

शुक्रवारी पुन्हा मांडव घातला. तयारीत थोड्या त्रुटी निघाल्या. शाल आज्जीनं नुकत्याच व्यालेल्या शेळीच्या करडावर घातली होती. झटकून घेतली, पण सगळे केस निघाले नाहीत. नारळ तर आमटीत जाऊन बरेच दिवस झाले होते. घरात दुसरा नारळ एकच होता, आप्पांचा.

"धंद्याचा हाय त्यो," आप्पा म्हणाले.

"नातीसाठी एवढं करा," आज्जी म्हणाली.

"नातच धंदा बुडवाय निघालीया."

तरी ते नारळ घेऊन आले.

तात्यांनी माईक हातात घेतला. "मंडळी, सत्कार करणारी गावं लई हाईत. दिलेला सत्कार मानानं माघारी घेणारं गाव दाखवा!" लोकांना ते पटलं. टाळ्या पडल्या. मग प्रतिक्षानं तात्यांना शाल घातली. करडाचे केस नाकात जाऊन तात्या शिंकले. कर्ण्यातून ती शिंक पार ओढ्यापलीकडं ऐकू गेली. आप्पांनी नारळ दिला, पण सोडला नाही. दोघं तो थोडा वेळ धरून उभे राहिले. फोटोत ते फार आपुलकीचं दिसतं. घड्याळ तात्यांनी लगेच गेणबा पैलवानाला दिलं. पैलवानानं अलीकडं एकही कुस्ती मारली नव्हती. पण तो समोर बसला होता.

"आता पोरीच्या वडलांनी दोन शब्द बोलावं," तात्या म्हणाले. "त्यांची काय हरकत आसंल तर आत्ताच सांगावी."

हे कुणी ठरवलं होतं ते प्रतिक्षाला माहीत नव्हतं. तिनं आज्जीकडं पाहिलं. आज्जी पदरानं चष्मा पुसत होती.

आण्णा उठले. गरम पाइप धरावा तसा त्यांनी माईक धरला. त्यांच्याकडं बोलण्यासारखं पुष्कळ होतं. राजदूत धुता धुता त्यांनी ते सगळं जुळवलेलं असणार. समोर सगळं गाव होतं. माईक कुईऽऽ वाजला. आण्णांनी तो गप्प होईपर्यंत वाट पाहिली. त्यांचे ओठ दोनदा हलले. प्रतिक्षाला वाटलं, आता संपलं.

"माजी काय हरकत न्हाय," आण्णा म्हणाले आणि घाईनं खाली बसले.

"चार माणसांत त्याला न्हाय म्हणता येत न्हाय," आज्जी हळूच म्हणाली. "ल्हानपणापास्नंच."

घरी आल्यावर आण्णा बादली भरायला निघाले. प्रतिक्षा आडवी आली.

"आण्णा, मनात नसंल तर अजून सांगा. मी न्हाय जायची."

"माईकवर बोलून बसलोय. आता काय सांगू?"

"मला सांगा."

त्यांनी बादली खाली ठेवली. "मला न्हाय पटलं."

"म्हायती हाय."

"पुणं ते पुणंच आसतंय."

"व्हय."

"आन् दगडात काय हाय गं?"

"त्येच तर बगायचंय."

आण्णांनी रिकाम्या बादलीत डोकावून पाहिलं. मग ती उचलून जागेवर ठेवली.

शनिवारी सकाळी दोघं इंदापूरच्या स्टँडवर उभे होते. पुण्याच्या गाड्या एकामागं एक लागत होत्या. कंडक्टर दारात उभा राहून "पुणे, पुणे" ओरडायचा, आणि प्रत्येक वेळी आण्णा पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. गाड्याही अशा रिकाम्या, की कुणालाही बसून जावंसं वाटलं असतं. सोलापूरच्या गाडीचा पत्ता नव्हता. प्रतिक्षाचं सांगून झालं होतं. पुढचं आण्णांचं होतं.

सोलापूरची गाडी आली तीच खच्चून भरलेली. दाराशी झोंबाझोंबी सुरू झाली. प्रतिक्षा तिकडं पळाली आणि तिथंच अडकली. वळून पाहिलं तर आण्णा मागं नव्हते.

ते गाडीच्या पलीकडच्या अंगाला होते. पिशवी जमिनीवर ठेवून, टाचा उंच करून एकेका खिडकीत डोकावत होते. चौथ्या खिडकीत एक जण उतरायला उठला, तशी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि खिडकीतून आत, मोकळ्या सीटवर टाकली.

"ओ, तिथं बसू नका!" ते आतल्या माणसावर खेकसले. "माझ्या पोरीची जागा हाय ती!"

आख्खी गाडी त्यांच्याकडं बघायला लागली. आण्णांनी पिशवी उचलली आणि दाराकडं पळत आले.