भरून बसवलेला फिल्टर

उस्तादांनी ट्रकचा डिझेल फिल्टर बदलायला घेतला की यार्डातली माणसं हातात चहा धरून बघायला उभी राहत, आणि हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. माणूस होताच तसा. नाकावर माशी बसू देणार नाही आणि इंजिनावर धूळ. आधी फिल्टरच्या आसपासची जागा ब्रशने घासायची, पुसायची. मग खालच्या रबरी नळ्यांवर आणि वायरींवर फडकं टाकायचं, म्हणजे डिझेल सांडून त्या खराब व्हायला नकोत. जुना फिल्टर पान्याने सैल करायचा, नवा मात्र हातानेच आवळायचा. "पान्याने आवळतो तो मिस्त्री नव्हे, पैलवान," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सव्वीस वर्षं त्यांनी या एकाच ट्रान्सपोर्टमध्ये काढली होती. इंजिनाबद्दल ते काही बोलले की मालकसुद्धा नुसती मान डोलवायचे.

तोच शब्द आठ महिन्यांपूर्वी दाजींना भोवला. दाजी म्हणजे उस्तादांच्या थोरल्या बहिणीचा नवरा, इथलाच ड्रायव्हर. यार्डात नव्या धाटणीची गाडी एकच, आणि ती दाजींकडे दिलेली. दीड वर्षात तिचे नोझल दोनदा गेले. नोझल इंजिनात डिझेलचा फवारा मारतो. त्याची भोकं केसाएवढी बारीक, त्यात कचरा गेला की खेळ खलास. दोन्ही वेळा कचराच निघाला. फिल्टर तर उस्तादांनी स्वतःच्या हाताने बदललेला, म्हणजे त्यात खोट निघायचा प्रश्नच नाही. त्यांनी मालकांना सांगून टाकलं, "टाकीतलं चांगलं डिझेल बाहेर विकतात आणि भेसळीचं भरतात. एवढी घाण आली तर बिचारा फिल्टर तरी काय करणार? घरचा माणूस आहे म्हणून मी झाकणार नाही."

दाजींना घरी बसवलं. उस्तादांना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नात्यागोत्याकडे न बघता आपण खरं बोललो, याचा थोडा तोराही होता त्यांना.

आणि त्या दिवशी सकाळी तीच गाडी तिसऱ्यांदा धूर ओकत आली. आता ड्रायव्हर दुसरा होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं, कारण दुपारी मालक येऊन त्याचाही निकाल लावणार होते. नोझल दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपातल्या बाई या खेपेला स्वतः आल्या होत्या. दोनदा काम करून दिलं आणि दोनदा परत आलं, म्हणून त्यांना बघायचं होतं. नोझल बसवून झाले. राहिला फिल्टर.

उस्तादांनी सगळं यथासांग केलं. जुन्या फिल्टरची रबरी रिंग वर चिकटून राहिली नाही ना, तेही बोट फिरवून पाहिलं. नव्या रिंगला डिझेल चोळलं. मग कॅन उचलला आणि नवा फिल्टर मधल्या छिद्रातून भरायला घेतला.

"हे काय करताय?" बाईंनी विचारलं.

"भरून घेतोय. कोरडा बसवला तर हवा धरतो. मग बसा अर्धा तास हँडपंप मारत."

"मधून भरताय."

"मग कुठून भरू? तेच तर मोठं आहे."

बाईंनी फिल्टर त्यांच्या हातातून काढून घेतला. "कडेची ही बारीक छिद्रं बघा. टाकीतलं डिझेल इथून आत येतं, कागदातून गाळलं जातं आणि या मधल्या वाटेने बाहेर पडतं. थेट नोझलकडे. तुम्ही मधून ओतलंत, म्हणजे हे न गाळताच पुढे गेलं."

"माझा कॅन स्वच्छ आहे," उस्ताद म्हणाले.

बाईंनी वाद घातला नाही. पांढरं फडकं बादलीवर धरलं आणि कॅन त्यावर रिकामा केला. डिझेल झिरपून गेलं. फडक्यावर काळी कणी राहिली आणि गंजाचे चार कण. चिमूटभरसुद्धा नाही.

"एवढ्याने?"

"जुन्या गाड्या एवढं पचवतात. हिला नाही पचत." बाईंनी कचऱ्याच्या पिंपातून फिल्टरचं रिकामं खोकं काढलं. त्यावर चित्र होतं. कॅनमधून फिल्टर भरणारा हात, आणि त्यावर ठसठशीत लाल फुली. असली खोकी उस्तादांनी न बघता पिंपात टाकली होती. खोकं वाचून काम करणाऱ्याला ते नवशिका म्हणत.

त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. ते जवळच्या टायरवर बसले. दोन वेळा. दोन्ही वेळा फिल्टर याच हातांनी भरला होता, आणि दोन्ही वेळा हेच हात पुसत ते मालकांच्या केबिनमध्ये गेले होते. आपण एका सरळ माणसाला चोर ठरवलं, हे त्यांच्या डोक्यात शिरत होतं आणि शिरता शिरता अडत होतं.

"मी रिपोर्टमध्ये 'डिझेलमध्ये कचरा' एवढंच लिहिणार आहे," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ते खोटं नाही. कचरा कुठून आला, हे मला कोणी विचारलेलं नाही."

सुटका अशी आयती ताटात वाढून आली होती. तेवढ्यात मालकांची गाडी फाटकातून आत आली. उस्ताद उठले, सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"या ड्रायव्हरला काही बोलू नका. घाण मीच घातली. तिन्ही वेळा. दाजींचा काही दोष नव्हता."

मालक आधी हसले. उस्ताद हसत नाहीत हे पाहून थांबले.

उस्ताद तिथून जे निघाले, ते हातसुद्धा न धुता ताईच्या घरी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. ताई शिलाई मशीनवर बसलेली, दाजी खिडकीपाशी पंख्याचा स्क्रू पिळत होते. उस्तादांनी दारातच उभं राहून सगळं सांगितलं. छिद्र, कॅन, फडकं, काही गाळलं नाही. दाजी उठून कानाखाली वाजवतील, अशी त्यांची तयारी होती. वाजवली असती तर बरंच वाटलं असतं.

दाजी जागचे हलले नाहीत. मशीन मात्र थांबलं.

"पण तुम्ही तर कबूल केलं होतं," ताई नवऱ्याला म्हणाली.

"काय कबूल केलं होतं?" उस्तादांनी विचारलं.

"डिझेल विकल्याचं. मला सांगितलं होतं यांनी. याच खोलीत."

दाजींनी स्क्रू पिळायचा थांबवला. "तू रोज विचारायचीस," ते म्हणाले. "'माझा भाऊ इंजिनाबद्दल खोटं बोलणार नाही, खरं काय ते सांगा.' चार महिने दुसरं काही बोलली नाहीस माझ्याशी. ताट ठेवायचीस आणि आत निघून जायचीस. मी हो म्हणालो, त्या दिवशी तू माझ्या शेजारी जेवायला बसलीस."

ताईने मशीनवरचं कापड दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं.

"मी तुम्हाला माफसुद्धा केलं होतं," ती म्हणाली.

"हो," दाजी म्हणाले. "केलं होतंस."