माह्या हातचा शिरा

लोकं म्हनतात, मायले पोटच्या पोराचं सगळं समजते. काय कप्पाळ समजते! माही दीक्षा डोळ्यादेखत वाळत गेली अन् मी विहारात बसून तिचे गुन गाऊन राहिली होती.

वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, तिनं अष्टशीलाचं व्रत घेतलं. दुपारी बारानंतर अन्नाचा कन नाही. बाकीच्या बाया पोर्णिमेपुरतं पाळत, ही रोज पाळे. आमच्या भातकुली गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "एकोनीस वर्षांची पोरगी, पन संयम पाहा तिचा!" मी फुगून जाओ. बाराच्या आधीबी ती खात नव्हती, हे कोनी पाह्यलंच नाही. भाकर कुस्करे, ताटभर पसरवे अन् उचलून नेई. आमच्यासाठी मात्र झुनका करे, वांगे करे, अन् आमी जेवत असताना आमच्या तोंडाकडे पाहत बसे.

वर्षावास संपला तरी तिचं शील काही सुटलं नाही. आश्विनातल्या उन्हात स्वेटर घाले. मोरीत केसाचे पुंजके. चार महिन्यांत पॅडचा पुडा आनला नाही, हे तं मले दिसाले पायजे होतं का नाही? पन मी आपली म्हनो, अभ्यासाचं टेन्शन असन.

एक दिवस पानी भरता भरता पडली. तिचे बाबा धर्मेंद्र एसटी डेपोत हायेत, टायर उचलनारा मानूस. त्याइनं तिले उचललं अन् तसेच उभे राह्यले. "अवं, हिच्यात काही उरलंच नाही," एवढंच बोलले.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टरीनबाईनं नाडी धरली. मिनिटाले अडतीस ठोके. "ॲनोरेक्सिया," त्या म्हनल्या.

मी भडकली. "मॅडम, आमच्या घरी अन्नाले कमी नाही!"

"कमी अन्नाची नाही हो. तिला जेवणाची भीती वाटते. आरशात ती स्वतःला अजून जाडच दिसते. हा नखरा नाही, आजार आहे. शरीर आता हृदयाचं मांस खायला लागलंय."

मंग त्याइनं मले बजावून सांगतलं, "घरचं काही द्यायचं नाही. आम्ही थोडं थोडंच वाढवू."

थोडं म्हनजे किती? वाटीभर पातळ पेज! चिमनी तरी यापेक्षा जास्त खाते. मले डॉक्टरीनीचा असा राग आला का सांगू नका.

तिसऱ्या दिवशी दुपारी दीक्षानं माहा हात धरला. "आई, मले मरायचं नाही वं. तुह्या हातचा शिरा दे नं."

बाप्पा! कितीक महिन्यांनंतर पोरगी खायले मागून राहिली होती. मी तशीच आटोनं अमरावतीतल्याच बहिनीच्या घरी गेली. तुपात रवा भाजला, साखर सढळ टाकली, दोन केळं कुस्करले. पडद्याआड बसून तिले भरवलं. ती रडे अन् खाये, रडे अन् खाये. दुसऱ्या दिवशी सकाळीबी डबाभर दिला. सिस्टरले काही कळू देलं नाही. मले वाटलं, जिंकली मी!

संध्याकाळी तिचे पाय सुजले. मंग दम लागला, ओठ निळे पडले. डॉक्टरीन धावत आली. "काय खाऊ घातलं?"

आपलेच दात अन् आपलेच ओठ, कोनाले सांगावं? पन सांगतलं. त्या ओरडल्या नाहीत. तिले आत नेता नेता म्हनल्या, "उपाशी शरीरात एकदम एवढं गेलं की रक्तातले क्षार झरकन उतरतात. हृदय बंद पडू शकतं."

पाच दिवस ती आयसीयूत काचेमागं होती. मी नवस-सायासाची बाई नाही, पन बुद्धवंदना म्हनता म्हनता माहा घसा बसला.

वाचली. वार्डात आनली तं मी जवळ गेली. तिनं तोंड भिताडाकडे केलं.

"आई, मी सांगतच होती नं. जेवली का मरतो मी."

"नाही वं माय, जेवनानं नाही. म्या जास्त देलं, माहीच चूक हाय. मॅडमले इचार."

"तू तं असंच म्हनशीन."

सिस्टर पेजेची वाटी घेऊन आली. म्या चमचा घ्याले हात पुढं केला. दीक्षानं पाय पोटाशी घेतले.

"सिस्टर, आधी आईले बाहेर पाठवा. मंग घेतो मी."