तीनशे बारा घरांचा एक पासवर्ड

कमलेश भोईर आळशी आहे असं ठाण्याजवळच्या दिवा पूर्वेत कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. तीनशे बारा घरांत कमलेशचं इंटरनेट होतं आणि तीनशे बारा फ्रिजांवर त्याच्या नंबराचं स्टिकर होतं. नेट गेलं की त्याला फोन करायचा. मग तो सलूनच्या खुर्चीत असो की मटणाच्या रांगेत, मोबाइलवर बोटं फिरवून पाच मिनिटांत चालू करून द्यायचा. मोठ्या कंपनीचा माणूस दोन दिवसांनी उगवतो आणि आमचा कमलेश जागचा न हलता काम करतो, याचं लोकांना केवढं कौतुक! कौतुक एकदा अंगाला लागलं की सुटत नाही. कमलेशलाही ते चांगलंच लागलं होतं.

हे त्याला जमतं कसं, ते कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. घरात नेट वाटणारा जो डबा भिंतीवर असतो, त्या राउटरला बाहेरून उघडता येईल असं एक दार असतं. शहाणी माणसं ते बंद ठेवतात. कमलेशने ते तीनशे बारा ठिकाणी उघडं ठेवलं होतं, आणि पासवर्ड सगळीकडे एकच, गावदेवीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. वेगवेगळे पासवर्ड लक्षात कोण ठेवणार? शिवाय गावदेवी सांभाळतेच की सगळ्यांना. सांभाळते खरी, पण लोकांच्या दाराला कुलूप लावायचं काम तिने कधी अंगावर घेतलेलं नाही.

फेब्रुवारीत डबे पुरवणाऱ्या माणसाचा मेसेज आला. डबा ज्या आतल्या प्रोग्रॅमवर चालतो, त्या फर्मवेअरमध्ये भोक सापडलं आहे. परका माणूस त्यातून शिरून तुमचा पासवर्ड वाचू शकतो. तेव्हा नवीन फर्मवेअर टाका, बाहेरचं दार बंद करा, पासवर्ड बदला. मेसेज आला तेव्हा कमलेश चुलतभावाच्या मुलीच्या हळदीत नाचत होता. आता, आगऱ्यांच्या लग्नाला एखादा नाही गेला तर खपून जातं, हळदीला नाही गेला तर नातवंडांपर्यंत ऐकून घ्यावं लागतं. बँजो जोरात होता, भाऊबंद हात धरून ओढत होते. कमलेशने मेसेज वाचला, मोबाइल खिशात टाकला आणि स्वतःशीच म्हणाला, "हळद झाली की बघू."

हळद झाली, लग्न झालं, गावदेवीची जत्रा झाली. काम तसं अवघड नव्हतं, पण नवीन फर्मवेअर टाकलं की जुनं सगळं सेटिंग पुसलं जातं, म्हणजे प्रत्येक घरी लॅपटॉप घेऊन जायला हवं. दिव्यातल्या निम्म्या बिल्डिंगींना लिफ्ट नाही. आणि बाहेरचं दार बंद केलं की पुढे प्रत्येक तक्रारीला जिने चढणं आलंच. मग ते कौतुक कुठे राहणार? आज करू, उद्या करू म्हणता म्हणता मे उजाडला आणि तो मेसेज शंभर मेसेजांखाली गेला.

मे महिन्यात मायाताई अहिरेंचा फोन आला. मायाताई अंगणवाडीत सेविका. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने मुलाला, सम्यकला, शिकवलं होतं. सम्यक कोर्टातल्या लिपिकाची परीक्षा पास झाला होता आणि एक जूनला त्याला हजर व्हायचं होतं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा कागद तेवढा यायचा राहिला होता.

"भाऊ, काल पोलीस आलेले घरी," मायाताई म्हणाल्या. "सम्यकचा मोबाइल, लॅपटॉप घेऊन गेले. म्हणे आमच्या नेटवरून कुठल्या शाळेला बॉम्बची धमकी गेली सोळा एप्रिलला, सकाळी पावणेबाराला. अहो, माझा मुलगा कुणाला अरेतुरे करत नाय. त्याची नोकरी जाईल हो! मला यातलं काय कळत नाय. तुम्ही जरा येऊन बघता?"

कमलेश लगेच गेला. अडल्यानडल्याला धावून जाणारा म्हणूनच तर त्याचं नाव होतं. चार जिने चढला, भिंतीवरच्या डब्याला लॅपटॉप जोडला आणि आत कोण कधी आलं त्याची यादी उघडली.

सोळा एप्रिल, सकाळी अकरा चाळीस. परक्या कुठल्याशा इंटरनेट पत्त्यावरून कुणीतरी आत शिरलं होतं, अगदी सरळ, पासवर्ड टाकून. पासवर्ड गावदेवीचा.

"सोळाला सकाळी तू कुठे होतास रे?" त्याने विचारलं.

"अभ्यासिकेत, दादा. नऊ वाजता सही केलेली रजिस्टरवर," सम्यक म्हणाला. "पण ते म्हणतात, घरातून मोबाइलने पाठवायला कितीसा वेळ लागतो, येऊन गेला असशील."

खरं म्हणजे त्याच क्षणी कमलेशने ओरडायला हवं होतं, ताई, मुलगा सुटला, हे बघा! एका ओळीत सम्यकची सुटका लिहिलेली होती. पण त्याच ओळीत कमलेशचीही अब्रू लिहिलेली होती. ही ओळ पोलिसांनी वाचली की ते विचारणार, पासवर्ड कुणाचा? दार कुणी उघडं ठेवलं? तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का? आणि मग तीनशे बारा घरं विचारणार.

"सेटिंग बिघडलंय," तो म्हणाला. "नवीन टाकून देतो."

यादी पुसली जाणार हे त्याला पक्कं माहीत होतं. माहीत असूनच त्याने बटण दाबलं. नवीन फर्मवेअर चढायला सहा मिनिटं लागतात. मायाताई स्टुलावर बसून पदराने डोळे पुसत राहिल्या. मध्येच उठून त्यांनी त्याला तांब्याभर पाणी आणून दिलं. बिल्डिंगला दोन दिवस पाणी नव्हतं, टँकरचं पाणी चार मजले हंड्याने वर आलेलं. कमलेश ते घटाघटा प्यायला. स्वतःची त्याला इतकी शिसारी कधी आली नव्हती, तरी काम पुरं होऊन डब्यावरची लाईट हिरवी झाल्यावर त्याला हायसं वाटलंच. माणूस असा असतो.

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. सकाळी सातला बाहेर पडायचा, एकेका बिल्डिंगचे जिने चढायचा, डबा उघडायचा, नवीन फर्मवेअर, नवीन पासवर्ड, बाहेरचं दार बंद. हाताखाली दोन माणसं घेतली. तीन महिने न झालेलं काम चार दिवसांत झालं. लोक म्हणाले, बघा, न सांगता घरी येऊन करून देतो. कमलेश मान खाली घालून पायऱ्या उतरायचा.

"काय झायलाय तुमाला? ताटावर बसताव नि उठताव," त्याची बायको कल्पिता म्हणाली. तो म्हणाला, उन्हाचं आहे. त्याच्या स्वतःच्या घरचा डबा टीव्हीमागे तसाच होता. सगळी घरं झाली, ते राहिलं. आपल्या घरात आपल्याला कोण जाब विचारणार?

मधल्या काळात पोलीस मायाताईंचा डबाही घेऊन गेले. महिनाअखेरीला सम्यकला चौकशीला बोलावलं, तेव्हा मायाताई कमलेशला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही असलात की धीर येतो." नाही कसं म्हणणार? तिघं पोलीस ठाण्यात गेले.

चौकशी करणाऱ्या सब-इन्स्पेक्टर मॅडम तरुण होत्या, बोलायला शांत. त्यांनी समोरचा कागद वाचला आणि सम्यककडे बघितलं.

"राउटरमधली यादी पुसलेली आहे. आम्ही तुझ्या घरी येऊन गेल्यावर, दुसऱ्याच दिवशी. तू कॉम्प्युटरचा कोर्स केलायस ना?"

"मॅडम, मी नाय पुसली. दादांनी नवीन सॉफ्टवेअर टाकलं."

मॅडम कमलेशकडे वळल्या. "तुम्ही? कुणाच्या सांगण्यावरून?"

"यांनी बोलावलेलं मला," कमलेश म्हणाला.

शब्दाला शब्द खरा होता. एवढं खोटं तो जन्मात बोलला नव्हता.

सम्यक काही बोलणार तोच मायाताई पुढे सरकल्या. "हो मॅडम, मीच बोलावलं. अडाणीपणा माझा. मीच म्हटलं, काय बिघडलं असेल ते नीट करा. जे काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा. मुलाला कशाला, आणि भाऊंनाही यात ओढू नका. ते बिचारे मदतीला आलेले."

मॅडमनी पेन उचललं. "म्हणजे पुरावा तुमच्या सांगण्यावरून पुसला गेला. असंच लिहू?"

"लिहा," मायाताई म्हणाल्या.

कमलेशला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. लाजेने माणूस मेल्याहून मेला होतो म्हणतात, ते त्याला त्या प्लास्टिकच्या खुर्चीत कळलं. कुणी मारलं नव्हतं, कुणी शिवी दिली नव्हती. एक बाई त्याला वाचवायला स्वतःच्या मुलाची नोकरी घालवत होती, एवढंच. आणि त्याला आठवलं की एक डबा शिल्लक आहे. टीव्हीमागचा. जो कुणी अहिरेंच्या घरात शिरला तो त्याच पासवर्डने भोइरांच्या घरातही शिरला असणार, आणि ती यादी अजून तिथे असेल. हे या खोलीत त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तो गप्प बसला असता तर कधी कुणाला कळलंही नसतं.

"मॅडम, ते लिहू नका," तो म्हणाला. आवाज इतका बारीक आला की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. "ताईंनी पुसायला सांगितलं नव्हतं. मी पुसली. पासवर्ड माझा होता, सगळ्या घरांत एकच. फर्मवेअरला भोक आहे म्हणून मला फेब्रुवारीत मेसेज आलेला, मी काय केलं नाय. बाहेरून कोण शिरलं त्याची ओळ मी त्या दिवशी वाचली आणि घाबरून पुसली. माझ्या घरचा डबा तसाच आहे. आत्ता माणूस पाठवा माझ्यासोबत. त्याच्यात दिसेल तुम्हाला."

मॅडमनी लिहिलेली ओळ खोडली आणि नवीन कागद घेतला. शिपायाला गाडी काढायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत टीव्हीमागचा डबा सील होणार होता आणि रात्रीपर्यंत सगळ्या दिव्याला बातमी कळणार होती, पण त्याची भीती आता कमलेशला वाटेना. त्याला फक्त डावीकडे बघायची भीती वाटत होती, कारण डावीकडे मायाताई बसल्या होत्या.

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या दिवशी आमच्या घरी बसलेलात, तेव्हाच तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी विचारलं. "हा निर्दोष आहे म्हणून?"

"हो, ताई."

"मी तुमच्यासमोर रडत होते."

"हो."

"मग तुम्ही काय करत होतात?"

सम्यकने आईच्या खांद्यावर हात ठेवला, पण त्यांची नजर हलली नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"लाईट हिरवी व्हायची वाट बघत होतो, ताई," तो म्हणाला.